यकृताचा समजलेला अहवाल: डिस्ट्रोफिनच्या अभावाचे निदान चौदा महिने लांबले, त्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

डिस्ट्रोफिन हे स्नायुपेशीच्या आवरणाला आधार देणारे प्रथिन; ते नसले की स्नायू हळूहळू खंगत जाणारा ड्युशेन हा जन्मजात आजार होतो. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वये आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. प्रस्तुत लेखक ज्या शिक्षण-रुग्णालयाच्या बालरोग विभागात काम करतो, तिथे हे मूल शेवटचे तीन महिने उपचाराखाली होते. त्यामुळे पुढे जी टीका येते तिच्यात आमचाही वाटा आहे.

मुलगा घरातला पहिला नातू. बाळंतपण सुखरूप झाले होते, पण तो चालायला लागला तो एकोणिसाव्या महिन्यात. 'आमच्या घराण्यात मुलगे उशिराच चालतात' अशी आजीने समजूत घातली आणि विषय मिटला. चौथ्या वर्षी अंगणवाडी सेविकेने आईच्या कानावर घातले की मूल इतरांबरोबर पळत नाही, वारंवार पडते आणि पायरी चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले. नातवाच्या पोटऱ्या भरदार आणि टणक पाहून त्यांना तो पैलवान होणार याची खात्रीच होती. पडण्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे रोज सकाळी अंगणात मोजून वीस बैठका. या बैठकांकडे पुढे परत यावे लागणार आहे.

चार वर्षे दोन महिन्यांचा असताना मुलाला आठ दिवस ताप आला. तालुक्याच्या गावी रक्ततपासणी झाली, तीत एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन एन्झाइम २२४ आणि २८६ आली, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या पाच ते सात पट. काविळीत वाढणारे बिलिरुबिन ०.६, पूर्णपणे सामान्य. अहवालाच्या माथ्यावर छापले होते: यकृत कार्य चाचणी. आई त्या वेळी दीड महिन्याची गरोदर होती.

अडचण

ताप उतरला, पण एन्झाइम उतरले नाहीत. दर महिन्याला तपासणी होत राहिली आणि आकडे दोनशे ते साडेतीनशेच्या दरम्यान राहिले. घरात या दुखण्याला 'आतली कावीळ' असे नाव पडले. तेल-तूप बंद झाले, उसाचा रस सुरू झाला, एका गावी काविळीचे झाडपाल्याचे औषध देतात तिथे दोन खेपा झाल्या. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वर्षभरात जेमतेम अर्धा किलो वाढले, आणि त्यामुळे 'यकृतामुळे अंग धरत नाही' हा समज आणखी घट्ट झाला.

वैद्यकीय बाजूनेही विचार याच वाटेवर चालला होता. हेपॅटायटिस बी आणि सी नाही, सोनोग्राफीत यकृत व्यवस्थित, रक्तात तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन सामान्य, डोळ्यांत तांब्याचे कडे नाही, स्वयंप्रतिकार विकाराच्या चाचण्या नकारात्मक. प्रत्येक नकारानंतर त्याहून दुर्मीळ यकृतविकाराची चाचणी लिहिली जात होती. यकृत सोडून दुसऱ्या अवयवाचे नाव अकरा महिन्यांच्या कागदांत एकदाही आले नाही. मूल आमच्याकडे पाठवले गेले तेव्हा चिठ्ठीवर 'अज्ञात कारणाचा दीर्घकालीन यकृतदाह' असे लिहिले होते, आणि आम्हीही ते शब्द जसेच्या तसे आमच्या केसपेपरवर उतरवून घेतले.

वास्तविक एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. स्नायुतंतूंची आवरणे फाटत असतील तर ती तिथूनही रक्तात येतात. मूळ यकृताचे की स्नायूंचे हे ठरवायला दोन साध्या चाचण्या आहेत. एक गॅमा जीटी, जे स्नायूंतून जवळजवळ येत नाही, आणि दुसरी सीपीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, जे मुख्यतः स्नायूंतूनच येते. तालुक्याच्या प्रयोगशाळेच्या संचात गॅमा जीटी नव्हते. आमच्या संचात होते आणि ते सामान्य आले होते. ते पाहिलेही गेले, पण 'पित्तमार्गात अडथळा नाही' एवढाच अर्थ त्याला दिला गेला. यकृत खरोखर बिघडले असते तर गॅमा जीटी इतके निवांत का राहावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

भूलतपासणीचा दिवस

आमच्यासमोर तेव्हा दोन पर्याय होते: आणखी सहा महिने वाट पाहणे, किंवा यकृताचा तुकडा काढून तपासणे. वर्ष उलटून गेल्यामुळे विभागाच्या बैठकीत दुसरा पर्याय ठरला. पाच वर्षांचे मूल जागेपणी निपचित पडून राहणार नाही, म्हणून संपूर्ण भूल द्यायची होती.

भूलतज्ज्ञ बाईंनी तपासणीच्या वेळी मुलाला बाकाखाली पडलेली खेळण्यातली मोटार दाखवली आणि म्हणाल्या, "बाळा, ती गाडी घेऊन ये बरं माझ्याकडे." मूल खाली बसले, मोटार घेतली, मग दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून ढुंगण वर केले, एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग हात मांड्यांवरून वर सरकवत सरकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे ते उभे राहिले. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये हे उठणे नीट वर्णन करून ठेवले आहे आणि वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असते. मात्र आमच्या बाह्यरुग्ण विभागात हे मूल प्रत्येक वेळी आईच्या कडेवरून आले होते आणि तपासणीच्या टेबलावर निजवले गेले होते. त्याला जमिनीवरून उठताना आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

बाईंनी यादीवरून त्याचे नाव खोडले आणि सीपीके लिहिले. दुसऱ्या दिवशी आकडा आला १८,४००. सामान्य मर्यादा साधारण दोनशेची.

यादीतून नाव खोडण्याला केवळ निदानापुरते महत्त्व नाही. डिस्ट्रोफिन नसलेल्या स्नायूंना सक्सिनिलकोलिन हे शिथिलक किंवा श्वासावाटे दिली जाणारी काही भूलद्रव्ये मिळाली, तर तंतू एकदम फुटून पोटॅशियमचा लोंढा रक्तात येऊ शकतो आणि हृदय बंद पडू शकते. निदान न झालेल्या लहान मुलांमध्ये असे प्रकार घडल्यामुळेच १९९० च्या दशकात अमेरिकेत सक्सिनिलकोलिनच्या माहितीपत्रकात मुलांबाबतचा ठळक इशारा छापला गेला. निरोगी यकृताचा तुकडा काढण्यासाठी आम्ही हा धोका पत्करायला निघालो होतो.

प्रथिनाची बाजू

स्नायू आखडतो तो ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या तंतूंमुळे. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, वाकतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि त्यामुळे एक तंतू दुसऱ्यावरून सरकतो. १९५४ मध्ये मांडल्या गेलेल्या या सरकत्या तंतूंच्या सिद्धांतात ताकद कुठून येते याचे उत्तर मिळाले. पण ती ताकद पेशीच्या पातळ आवरणाला न फाडता बाहेरच्या जाळीपर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी तीस-बत्तीस वर्षे लागली. बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने १९८६-८७ मध्ये एक्स गुणसूत्रावरील एक प्रचंड जनुक आणि त्यापासून बनणारे प्रथिन शोधले, आणि त्या प्रथिनाला डिस्ट्रोफिन हे नाव मिळाले.

डिस्ट्रोफिन हा ३,६८५ अमिनो आम्लांचा लांबट दांडा आहे. त्याचे एक टोक पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनला धरते, दुसरे टोक पेशीपटलात रुतलेल्या डिस्ट्रोग्लायकनला, आणि डिस्ट्रोग्लायकन बाहेरच्या जाळीतील लॅमिनिन या प्रथिनाला. मधला भाग एकासारख्या एक अशा चोवीस घड्यांचा असून ताण आला की थोडा ताणला जातो. स्नायूंतील एकूण प्रथिनांत त्याचा वाटा सुमारे ०.००२ टक्के, म्हणजे जवळजवळ नगण्य. मांडवाच्या कापडाला दोर बांधायची जागा दुहेरी शिवलेली नसली तर कापड कितीही नवे असो, वारा सुटला की तिथूनच फाटते. डिस्ट्रोफिनचे काम त्या दुहेरी शिवणीचे आहे. या मुलाचे ॲक्टिन उत्तम होते, मायोसिनही उत्तम होते. प्रत्येक आकुंचनागणिक पेशीपटलाला बारीक चिरा पडत होत्या, आतले एन्झाइम बाहेर गळत होते, बाहेरचे कॅल्शियम आत शिरत होते, आणि मेलेल्या तंतूंची जागा हळूहळू चरबी व तंतुमय ऊती घेत होत्या. आजोबांना दिसलेल्या भरदार पोटऱ्यांत बरीचशी भर या चरबीची होती.

हा ताण सर्वांत जास्त येतो तो स्नायू आखडलेला असतानाच लांबवला जातो तेव्हा, उदाहरणार्थ जिना उतरताना, किंवा बैठक मारताना खाली जाताना मांडीच्या स्नायूंवर. रोजच्या वीस बैठका या मुलासाठी नेमक्या नको त्या जातीचा व्यायाम होता. आजोबांना हे सांगायचे काम माझ्याकडे आले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बैठकांमुळेच हा आजार झाला का, असे विचारले. नाही, आजार जन्माचाच आहे, हे उत्तर त्यांना पुढच्या प्रत्येक भेटीत नव्याने द्यावे लागले.

निदान पक्के करण्याचे पर्याय

पूर्वी अशा वेळी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून त्यात डिस्ट्रोफिन आहे का ते पाहत. आता बहुतेक वेळा रक्तावरील जनुकीय चाचणीने काम भागते. आमच्यासमोर तीन मार्ग होते: स्नायूचा तुकडा, सर्व जनुकांचे एक्झोम वाचन, किंवा केवळ डिस्ट्रोफिन जनुकातील तुकडे गळले वा दुप्पट झाले आहेत का हे पाहणारी एमएलपीए. जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा संदेश असलेले तुकडे, आहेत आणि सुमारे सत्तर टक्के रुग्णांत एक वा अनेक एक्झॉन गळलेले किंवा दुप्पट झालेले असतात. एमएलपीए तिन्हींत स्वस्त होती आणि सुया टोचण्यापलीकडे मुलाला त्रास नव्हता, म्हणून ती प्रथम केली. ती नकारात्मक आली तरच जनुकाचे संपूर्ण वाचन आणि शेवटी स्नायूचा तुकडा, असा क्रम ठरवला. हा निर्णय आजही योग्य वाटतो.

अहवाल असा आला: एक्झॉन ४५ ते ५० गळलेले. याचा अर्थ घरच्यांना समजावणे सर्वांत कठीण गेले, म्हणून तिथे वापरलेले उदाहरण देतो. पेशी जनुकाचा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचते. 'मगन सतत भजन करत असत' या वाक्यातून 'सतत' गेले तरी वाक्य उभे राहते. पण केवळ 'ग' गेला आणि तरीही तीन-तीन अक्षरेच वाचायची ठरवली, तर 'मनस ततभ जनक रतअ सत' उरते. एक्झॉन ४५ ते ५० मिळून ८७१ अक्षरे होतात. तिनाने भागल्यावर एक उरतो, पुढचे सगळे वाचन घसरते आणि प्रथिन अर्ध्यात तुटते. गंमत म्हणा की दैव, एक्झॉन ५१ ही सोबत गळाला असता तर ही संख्या ११०४ झाली असती, तिनाने पूर्ण भाग गेला असता आणि आखूड का होईना पण दोन्ही टोके शाबूत असलेले प्रथिन बनले असते. तसे झाले की सहसा बेकर नावाचा सौम्य प्रकार होतो. या मुलाचा प्रकार तीव्र होता: ड्युशेन.

कुटुंबाचा इतिहास आणि धाकटा भाऊ

केसपेपरवर कौटुंबिक इतिहासासमोर 'काही नाही' असे लिहिलेले होते. प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर वडिलांनी दिले होते आणि ते त्यांच्या घराण्यापुरते खरे होते. हा आजार एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे बहुतांशी आईकडून येतो. मुलाच्या आजोळच्या आजीला बोलावून विचारल्यावर कळले की तिचा धाकटा भाऊ दहाव्या वर्षी चालायचा बंद झाला आणि सतराव्या वर्षी वारला. गावाने त्याला पोलिओ ठरवले होते. पोलिओत पाय अचानक लुळा पडतो, वर्षानुवर्षे हळूहळू खंगत नाही. पण त्या काळात पाय गेला म्हणजे पोलिओ, एवढेच निदान गावात उपलब्ध होते.

आईची चाचणी झाली. तीही वाहक निघाली, म्हणजे तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर ही गळती होती. याचा अर्थ तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. चौदा महिन्यांपूर्वी पोटात असलेले बाळ आता साडेसहा महिन्यांचे होते आणि तोही मुलगाच होता.

त्याची तपासणी करावी का, यावर आमच्यात मतभेद होते. लक्षणे नसलेल्या बाळाला आजाराचा शिक्का लावू नये असे एका सहकाऱ्याचे मत होते, आणि त्यात तथ्य होते. दुसऱ्या बाजूला भुलीचा धोका होता, लसींचे आणि पुढच्या स्टिरॉइडचे नियोजन होते, आणि थोरल्याच्या बाबतीत घडले तसे पुन्हा घडू न देणे होते. शेवटी आम्ही दोन्ही बाजू आईवडिलांसमोर मांडल्या आणि पंधरा दिवस काहीच केले नाही. पंधरा दिवसांनी ते स्वतःच बाळाला घेऊन आले. सीपीके ११,२००, एमएलपीएत तीच गळती.

आईने त्यानंतर विचारले की पहिल्या तपासणीच्या वेळी हे कळले असते तर काय झाले असते. खरे उत्तर देणे भाग होते: गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन, कायद्याने नोंदणी झालेल्या केंद्रात गर्भाची चाचणी करता आली असती आणि पुढचा निर्णय तिच्या हाती असता. तेव्हा आपण काय केले असते हे आपल्याला आजही सांगता येत नाही, पण विचारायला तरी हवे होते, असे ती म्हणाली.

उपचाराचे पर्याय आणि कृती

या आजारात स्टिरॉइडमुळे चालण्याची वर्षे वाढतात. प्रेडनिसोलोन की डेफ्लाझाकॉर्ट, हा पहिला प्रश्न. डेफ्लाझाकॉर्टने वजन तुलनेने कमी वाढते, पण मोतीबिंदूकडे लक्ष ठेवावे लागते. मुलाचे वजन आधीच कमी होते, त्यामुळे वजनवाढीच्या भीतीपोटी ते निवडण्याचे तितकेसे कारण नव्हते. तरीही पुढच्या दहा वर्षांचा विचार करून दर किलोमागे रोज ०.९ मिलिग्रॅम या मात्रेने तेच सुरू केले. त्याआधी राहिलेल्या गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी पूर्ण केल्या, क्षयाची तपासणी केली, ड जीवनसत्त्व सुरू केले. लसींसाठी स्टिरॉइड सहा आठवडे पुढे ढकलले गेले.

तेल-तूप परत सुरू करणे औषधाइतकेच महत्त्वाचे होते आणि त्याला अधिक वेळ लागला. आकडे अजून वाढलेलेच असताना पथ्य सोडायचे हे आजीला पटत नव्हते.

कुटुंबाने सोळा कोटींच्या इंजेक्शनबद्दल ऐकले होते. ते औषध पाठीच्या कण्यातील चेतापेशींच्या वेगळ्या आजाराचे, एसएमएचे आहे, हे स्पष्ट करावे लागले. ड्युशेनमध्ये एक्झॉन ५१ वगळून वाचन पुन्हा रुळावर आणणाऱ्या एटेप्लिर्सेनला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि या मुलाची गळती त्यात बसते. मात्र ती मान्यता स्नायूंत डिस्ट्रोफिनची अल्पशी वाढ दिसल्यावरून दिलेली, मुले अधिक काळ चालतात हे सिद्ध झाल्यावरून नव्हे. आखूड डिस्ट्रोफिनचे जनुक विषाणूवाटे देणाऱ्या उपचारालाही तिथे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २०२५ मध्ये, चालणे बंद झालेल्या रुग्णांत यकृत निकामी होऊन मृत्यू नोंदले गेले. या दोन्हींसाठी जमीन विकू नये, असे मत मी स्पष्ट शब्दांत दिले. निर्णय त्यांचा होता. त्यांनी जमीन ठेवली.

बैठकांच्या जागी फिजिओथेरपिस्टने पोटऱ्यांचे हलके ताण आणि रात्री घोट्याला आधार देणारे पट्टे दिले. उन्हाळ्यात विहिरीत पोहणे आजोबांच्या देखरेखीखाली सुरू झाले. आईच्या हृदयाची इको तपासणी केली, कारण वाहक स्त्रियांमध्येही हृदयाचा स्नायू दुर्बल होऊ शकतो. ती सामान्य आली. काही वर्षांच्या अंतराने पुन्हा करायची आहे.

पुढची दोन वर्षे

निदानाच्या वेळी जमिनीवरून उठायला मुलाला ६.१ सेकंद लागत होते. वर्षाने ४.८ आणि दोन वर्षांनी ५.४ सेकंद. हालचालींच्या ३४ गुणांच्या नॉर्थ स्टार मापनात २१, २४ आणि २३ गुण. ही सुधारणा टिकणारी नाही हे कुटुंबाला माहीत आहे.

एक गंभीर प्रसंग सातव्या महिन्यात घडला. तापात उलट्या सुरू झाल्या म्हणून सर्व गोळ्या बंद करण्याचा सल्ला कुठेतरी मिळाला. तिसऱ्या दिवशी मूल निस्तेज, रक्तदाब घसरलेला, अशा अवस्थेत आले. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्याने शरीराच्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवायच्या थांबलेल्या असतात. गोळी अचानक तुटली की असे होते. हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनाने ते सावरले. हा धोका आम्ही तोंडी सांगितला होता, कागदावर दिला नव्हता. आता मराठीत एक कार्ड दिले आहे. 'ही गोळी एक दिवसही बंद करू नये. उलटी होत असल्यास इंजेक्शन द्यावे. भुलीत सक्सिनिलकोलिन वापरू नये' एवढेच त्यावर आहे, आणि त्याची एक प्रत शाळेतही आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रोफीचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले. शाळेने पहिलीचा वर्ग माडीवरून तळमजल्यावर आणला.

काय वेगळे करता आले असते

पहिला निसटलेला क्षण अंगणवाडीतला. सेविकेचे निरीक्षण अचूक होते. ते कागदावर लिहून पुढे गेले असते तर यकृताचा अहवाल येण्याआधीच निदान होऊ शकले असते. चालायला उशीर झालेल्या मुलग्यात सीपीके बघणे हा काही खर्चिक आग्रह नाही.

दुसरा, पहिल्या महिन्यानंतरचा. ताप उतरला, बिलिरुबिन सामान्य, आणि तरीही एन्झाइम चढलेले, अशा वेळी दुसऱ्याच तपासणीत सीपीके व्हायला हवे होते. तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्याकडे गॅमा जीटीही नव्हते. आमच्याकडे होते. तीन महिने सामान्य गॅमा जीटी समोर असताना आम्ही यकृताच्या तुकड्यापर्यंत पोहोचलो, ही चूक मला अधिक मोठी वाटते.

तिसरा, कौटुंबिक इतिहासाचा. आता आमच्या केसपेपरवर आजोळ आणि वडिलांचे घर असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि 'लहानपणी पाय गेलेले, पोलिओ झालेले कोणी?' असा प्रश्न छापलेला आहे. वाढलेल्या एन्झाइमसाठी आलेल्या प्रत्येक मुलाला जमिनीवर बसवून उठायला लावायचे, हेही ठरले आहे. प्रयोगशाळेने अहवालाचे शीर्षक बदलायला नकार दिला, मात्र एसजीपीटी दोनदा वाढलेले आल्यास सीपीके सुचवणारी एक ओळ खाली छापायचे मान्य केले.

धाकटा आता अडीच वर्षांचा आहे. अठराव्या महिन्यात तो चालायला लागला; त्याच्या लसी वेळेवर चालू आहेत आणि स्टिरॉइड कधी सुरू करायचे याची चर्चा पुढच्या वर्षी होईल. मुलांची मावशी तेवीस वर्षांची आहे आणि तिचे लग्न ठरवायचे चालले आहे. तिला वाहक चाचणीचे महत्त्व दोनदा समजावले आहे. स्थळे येणे बंद होईल या भीतीने घरच्यांनी ती लग्नानंतर करू असे सांगितले आहे, आणि तिने अद्याप ती करून घेतलेली नाही.